डायल तीच आहे

राजापेठ, अमरावती
६ जानेवारी २०२५

नबी,

घड्याळाचे चार हजार आठशे. पेट्रोल सोळाशे. रामरावांच्या नातवंडांना पेढे, दोनशे. भिंग साडेतीनशे. एकूण सहा हजार नऊशे पन्नास रुपये. घरात मी चार हजार आठशेच सांगितले आहेत. खरा आकडा फक्त तुला माहीत.

सात वर्षांनी पत्र, आणि पहिल्याच ओळीत हिशेब, असं म्हणशील. पण पत्राचा कायदा तूच लावलास. त्या दिवशी दुकानातून निघताना तू मागून म्हणालास, "आता जे बोलाचं ते लिहून पाठव. तोंडचं मागं घेता येते, कागदावरचं नाई येत." म्हणून लिहितो आहे. शिवाय तू माझा फोन उचलत नाहीस. मी काही मुद्दाम लावला नव्हता, चुकून लागला होता. चार वेळा.

बातमी अशी की मी एचएमटी घेतली. चावीची, आपल्याच नमुन्याची. शहाऐंशी साली तुझ्या मामूंच्या अकोल्याच्या दुकानात तू तीन घड्याळं माझ्यासमोर ठेवली होतीस आणि मधलं उचलून दिलं होतंस, "याची छपाई पाय, अक्षर कसं बसलं," म्हणून. तसंच हुबेहूब. बार्शीटाकळीला रामराव नावाचे शाळेतले निवृत्त कारकून आहेत. विहिरीवरचा पंप माझ्याकडून नेला. बोलता बोलता निघालं की वारलेल्या मोठ्या भावाचं घड्याळ कपाटात पडून आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर हजर.

कसं पारखलं ते ऐक. तुला माझी रीत माहीत आहे. पेचकसाचं टोक पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगायचं. याच कानांच्या जिवावर बाळापूरचा पंपाच्या मोटारी वाइंड करणारा पोरगा आज राजापेठेत दोन शटरचं दुकान घेऊन बसला आहे. तर घड्याळाला चावी दिली, कानाला लावलं, डोळे मिटले. आवाज असा एकसारखा, की कोणी दूर बसून सुपारी कातरतंय. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "रामरावजी, ही घडी आजपर्यंत कोनी उघडली नाई."

ते म्हणाले, "मले त्यातलं काई समजत नाई बा. भाऊ घाले हातात. मंग कपाटात होती."

उघडली नाही म्हणजे डायल बदलली नाही. सरळ गणित आहे. आणि डायल तरी काय! आकड्यांवरचे रेडियमचे ठिपके पांढरेशुभ्र, काल लावल्यासारखे. अक्षरं काळीभोर, चांगली जाड. काटे तेवढे पिवळे पडलेत, पण वय झालं की पडायचेच.

चाळीस वर्षांच्या धंद्यात खरेदीत मला कोणी फसवलेलं नाही. जुन्या तांब्यात नाही, मोटारीत नाही, जागेत नाही. हे घड्याळ सोळा आणे अस्सल आहे. तुला कागदावरचं लागतं ना? घे, कागदावर देतो: डायल सोळा आणे अस्सल.

तेव्हा माझी जी जुनी डायल तुझ्याकडे राहिली, ती राहू दे. राग नाही.

अकोल्यावरून गेलो, पण थांबलो नाही. घाई होती. तुझ्या नगमाच्या लग्नाचं मागाहून कळलं. पत्रिका कुठे राहिली कोण जाणे.

घरून मंजुषाने तुम्हा नवरा-बायकोला नमस्कार सांगितला आहे. म्हणजे मी पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही, पण माहीत असतं तर सांगितला असता.

खुशाल


राजापेठ, अमरावती
१९ जानेवारी २०२५

नबी,

उत्तर नाही. बरं.

तरी लिहितो, कारण एक गोष्ट अर्धी कळली आहे आणि बाकीची अर्धी तुझ्याकडे आहे.

माझ्या रोहितची बायको प्रतीक्षा. तू तिला पाहिलेलं नाहीस. त्यांचं लग्न एकवीस साली झालं, आणि तुला का बोलावलं नाही ते तुला ठाऊक आहे. पोरगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचं रक्त मोजते. मी म्हटलं, हिच्या डोळ्याचा उपयोग करू. दोन्ही घड्याळं तिच्यापुढे ठेवली, भिंग दिलं आणि म्हटलं, "बाळा, यातली खोटी डायल कोणती ते सांग." खोटी म्हणजे अर्थात माझी जुनी, तुझ्याकडून परत आलेली. उत्तर मला माहीत होतं. फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिने लगेच सांगितलं नाही. आठ दिवस मोबाइलवर जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या लोकांचं वाचत बसली. मग आज रविवारी चहा घेऊन समोर आली.

"बाबा, वरून नाही सांगता येणार. उघडावी लागतील."

"जुनं उघडू. नव्याला हात लावायचा नाही."

"का बरं?"

"ते कधी उघडलेलं नाही. त्याचीच तर सारी किंमत आहे."

ती हसली. "मी लॅबमध्ये स्लाइड आधी पुसते, मग रोग शोधते. वरून पाहून रिपोर्ट नाही देत. बरं, नव्याचे ठिपके पाहिलेत तुम्ही?"

"पाहिले. पांढरे आहेत."

"आणि काटे?"

"पिवळे."

"ठिपक्यांतलं आणि काट्यांतलं रेडियम एकाच वेळी भरलेलं असतं, बाबा. ते म्हातारंही बरोबरच व्हायला पाहिजे."

मी म्हटलं, "चहात साखर कमी आहे." आणि तो विषय तिथेच थांबवला.

संध्याकाळी आम्ही जुनं घड्याळ घेऊन ओमप्रकाशकडे गेलो. इथे राजापेठेत ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली टेबल टाकून बसतो. चाळिशीचा असेल. दिवसभर सेल बदलायचं काम, पण जुनं घड्याळ दिसलं की खुलतो. त्याने मागचं झाकण फिरवून काढलं आणि प्रतीक्षाने आत भिंग धरलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला तुझ्या खुणा होत्या. सुईने कोरलेल्या. उर्दूतला नून, म्हणजे नबीतला न, आणि त्याखाली साल, जितक्यांदा घड्याळ तुझ्या हाताखालून गेलं तितक्या. पोरीने मोजल्या. अकरा. एकोणनव्वदपासून अठरापर्यंत. मला हे माहीतच नव्हतं. आपलं घड्याळ आतून कोण पाहतो?

मग ओमप्रकाशने यंत्र बाहेर काढलं, काटे उचलले आणि डायल सुटी केली. प्रतीक्षा मला एकेक दाखवू लागली. डायलच्या पाठीला तांब्याचे दोन बारीक पाय असतात, ज्यांवर ती यंत्रात बसते. रंगवायला दिलेल्या डायलचे ते बहुतेक वेळा मोडतात. आपले दोन्ही शाबूत. रंगवणारा आधी जुना रंग तेजाबाने उतरवतो, त्यात पाठही घासली जाते. आपली पाठ कारखान्यातून निघाली तशी, वरचा शिक्का वाचता येतो. पुढून कड पाहिली. जी कड चौकटीखाली दबलेली असते तिथला रंग आणि मधला रंग, एकाला एक मिळतो. अक्षरं बारीक, धारदार, कुठे फुगलेली नाहीत.

ओमप्रकाश म्हणाला, "काकाजी, डायल पह्यलीच आहे. हिले कोनी बोट बी नाई लावलं."

 तो झाकण उजेडात धरून म्हणाला, "हा नून कोनाचा? अकोल्याच्या नबीचाचाचा तं नाई?"

"त्याचाच."

"हात लय साफ आहे बुवाचा. पन आता जुन्या घड्या कोनी देत नाई त्यायच्याकडे. डायल बदलते म्हनतात."

"कोन म्हनते?"

"एक कोनी नाई, काकाजी. सारेच म्हनतात."

नबी, माझे कान चांगले आहेत हे तू कबूल करतोस. पंपाचा आवाज मी दोन शेतांवरून ओळखतो. ओमप्रकाशच्या तोंडून आलेलं ते वाक्य कोणाचं, हेही मी ओळखलं. अकोल्याहून अमरावतीला यायला त्याला सात वर्षं लागली. बाकी बोल तोच.

पण एक गोष्ट मला अजूनही सुटत नाही, आणि तिच्यासाठी मी भांडणार. घड्याळ तुला दिलं तेव्हा डायल पिवळी होती. चहात बुडवून काढावी तशी. आलं तेव्हा पांढरी होती. मी एकट्याने नाही, मंजुषानेही पाहिलं. डायल तीच असेल तर रंग गेला कुठे? धुतलीस का? काही लावलंस का?

एवढं एक सांग. मग बोलू नकोस हवं तर.

खुशाल


राजापेठ, अमरावती
२३ जानेवारी २०२५

नबीभाई,

पुडी सापडली.

आता तुझ्या उत्तराची वाट पाहायचं कारण उरलं नाही. तू सात वर्षांपूर्वीच उत्तर बांधून दिलं होतंस आणि ते माझ्याच गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं, कार्बन ब्रशच्या डब्यामागे.

परवा पत्र टाकून आलो आणि दुकानात बसलो होतो. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या मोटारीचं जळकं बेअरिंग मी त्याच्या हातात दिलं, सवयीने. आणि आठवलं की ही सवय माझी नाही, तुझी आहे. तुझ्या मामूंनी लावलेली. जो पार्ट काढला, तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून, वर दोरा गुंडाळून गिऱ्हाइकाला परत. तुटकी स्प्रिंग, झिजलेलं चाक, पट्ट्याची गंजकी पीनसुद्धा. लोक हसायचे तुला. अर्धे जण पायरी उतरली की पुडी नालीत फेकून द्यायचे. अकोल्यात असं करणारा दुसरा घडीसाज मी पाहिला नाही. इथे तर नाहीच. तुझ्याकडून ते मी उचललं आणि मोटारीच्या धंद्यात त्याच्यावर नाव कमावलं. लोक म्हणतात, खुशालराव जुना माल परत देते, माणूस खरा आहे.

म्हणजे त्या दिवशीही तू पुडी दिली असणार.

सारा ड्रॉवर उपसला. निघाली. अठरा सालच्या मार्चचं वर्तमानपत्र, दोरा तुझ्या त्या एका गाठीचा. आजवर उघडलेली नाही. आत काच होती. घड्याळाची काच, आणि तीही काच कसली, प्लास्टिकच ते. बत्तीस वर्षं उन्हात, घामात आणि मोटारीच्या वार्निशच्या वाफेत राहिलेलं. पिवळं. चहासारखं पिवळं.

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि ती काच वर धरली.

माझं घड्याळ परत आलं, नबी. तीच माझी डायल, तशीच, शहाऐंशी सालापासून मी ओळखतो ती. काच बाजूला केली, पांढरी. वर धरली, पिवळी. दहा-बारा वेळा केलं असेल. डायल कधी पिवळी नव्हतीच. तू जुनी काच काढून नवी बसवलीस, तेवढंच. मंजुषाला बोलावलं. तिनेही करून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता नबीभाऊले काय सांगसान?"

ते मला माहीत नाही. पण आधी जे खोटं लिहिलं ते तरी खोडतो.

अकोल्याला मी थांबलो होतो. तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या चहाच्या टपरीवर, पाऊण तास. तीन चहा प्यायलो. तू डोळ्याला भिंग लावून बसला होतास आणि त्या पाऊण तासात एकही माणूस पायरी चढला नाही. तेव्हा मनात म्हटलं, धंदाच बसला घड्याळांचा, मोबाइल आले. आता कळतं की मोबाइल एकटे आले नव्हते.

नगमाच्या लग्नाची पत्रिका मिळाली होती. इतकं होऊनही तू ती पाठवलीस, आणि वर हाताने लिहिलंस, "मंजुषाभाभीला घेऊन ये." ती पत्रिका दुकानात देवाच्या फोटोमागे आहे. लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम धारणीला माल पोचवायला गेलो. दुसऱ्या कोणालाही पाठवता आलं असतं.

आणि दुसरं घड्याळ मी का घेतलं? जोडीला बरं म्हणून नाही. जी डायल गेली असं मला वाटत होतं, ती तुझ्याशिवाय कुठून तरी परत आणायची होती. ती आली की तुझी गरज संपली असती. असला तो व्यवहार होता.

आता तो दिवस. तुला आठवतोच, पण मी लिहिलं पाहिजे. दुकानात गोवर्धन कापडवाला बसला होता, आणखी दोघं उभे होते. तू घड्याळ हातात दिलंस, मी पाहिलं आणि आवाज चढवला. "घडीसाज नाई तू, डायलचोर आहेस. मायी डायल विकून खाल्ली." माझा आवाज पंपहाउसमध्ये चालणाऱ्या मोटारीवरून पोचतो, तिथे रस्त्यावर पोचला यात नवल नाही. तू उठलासुद्धा नाहीस. म्हणालास, "डायल तीच आहे." मी आणखी बोललो. तू म्हणालास, "पुडी उघडून पाय." मी पुडी खिशात कोंबली आणि पायरी उतरलो.

डायलबद्दल दोनच वाक्यं बोललास. दोन्ही खरी. आणि एवढे कान घेऊन मी ती उघडून पाहिली नाहीत.

माफी मागू का, हे विचारण्याची माझी लायकी नाही. तुझं नाव मी खराब केलं. ते मी कसं धुऊ, तेवढं सांग. म्हणशील ते करतो.

तुझा
खुशाल


राजापेठ, अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

नबीभाई,

आज दुपारी तुझं कार्ड आलं. पोस्टमन दुकानात ओरडला, "खुशालराव, पोष्टकार्ड! अजून लिहितात लोक?" मी हातातली मोटार तशीच सोडून गेलो.

"खुशाल, तिन्ही पत्रं भेटली. काच घेऊन ये. दोन्ही घड्या आन. शुक्रवारी दुकान बंद असते."

बस, इतकंच. मी ते मंजुषाला वाचून दाखवलं. मग प्रतीक्षाला. मग फोनवर रोहितला, तो म्हणाला, बाबा, दुपारपासून तिसऱ्यांदा सांगताय. शिव्या असत्या तरी चालल्या असत्या, पण नाहीत. रागावलेला माणूस दुकान कधी बंद असतं ते कळवत नाही. सात वर्षांनी काल रात्री मी पोटभर जेवलो, असं मंजुषा म्हणते. कार्ड आज आलं आणि ती कालचं जेवण सांगते, पण आज तिचं सगळं बरोबर आहे.

शनिवारी येतो. सकाळच्या गाडीने.

नवंही आणायचं ना? ते उघडायचं नाही हां, आधीच सांगतो.

खुशाल


राजापेठ, अमरावती
९ फेब्रुवारी २०२५

नबीभाई,

हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितो आहे, कारण तू सांगितलंस की ते काउंटरच्या काचेखाली ठेवायचं आहे. तेव्हा पत्र तुला असलं तरी वाचणार दुकानात येणारे. त्यांनी निवांत वाचावं. घड्याळ होईपर्यंत तसंही बसावं लागतं.

वाचणाऱ्या भाऊ-बहिणींनो, मी अमरावतीचा खुशालराव, मूळचा बाळापूरचा, मोटार रिवाइंडिंगवाला. अठरा साली मी याच काउंटरसमोर उभा राहून गुलाम नबींना चोर म्हणालो. ते खोटं होतं. त्यांनी माझ्या घड्याळाची पिवळी पडलेली काच बदलली होती आणि जुनी काच पुडीत बांधून मला दिली होती. मी पुडी न उघडता बोललो. डायल तीच होती, आजही तीच आहे, आणि ज्याला पाहायची असेल त्याने अमरावतीला यावं, चहा मी पाजतो.

काल शनिवारी मी अकोल्याला आलो. नबीने डोळ्याचं भिंग काढलं नाही. म्हणाला, "बस. काच दे." मी पुडी काउंटरवर ठेवली. माफीसाठी गाडीत मी चार वाक्यं घोकली होती. पहिलं सुरू केलं, तर म्हणाला, "थांब. मले नको सांगू. डायल तेच आहे हे मले पह्यलेच माईत होतं. गोवर्धनले सांग."

त्याचा मुलगा साजिद पलीकडच्या ओळीतून गोवर्धनला घेऊन आला. गळ्यात टेप तसाच, हातात कात्री. मी उभा राहिलो आणि अठरा साली जितका आवाज लावला होता तितकाच लावून सगळं सांगितलं. पलीकडचा चहावाला रस्ता ओलांडून आला, त्याच्यामागे आणखी चार-पाच. सांगून झाल्यावर गोवर्धनने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं कात्री चालवतो.

"खुशालभाऊ, तुमच्या एका बोलन्यावर मी सात वर्षं मायी घडी तिकडे मेन रोडले नेऊन राहिलो! तिकडच्यानं तिची पार वाट लावली!" मग मनगटावरून घड्याळ सोडलं आणि काउंटरवर ठेवलं. "घे नबीभाई. रोज दहा मिनटं मागं पडते. तू केली तशी कोनीच करत नाई, पन मले लाज वाटे पायरी चढाची."

नबीने घड्याळ कानाशी नेलं नाही. सरळ उघडलं.

त्यानंतर आत घरातून जहाँआराभाभींनी शेवयांची खीर पाठवली. दोन वाट्या. दुसरी कोणाची हे विचारलं तर साजिद म्हणाला, "तुमचीच आहे काका. अम्मी म्हने, नगमाच्या लग्नातली बाकी आहे." ती वाटी मी कशी संपवली ते वाचणाऱ्यांना सांगण्यासारखं नाही.

मग नबी म्हणाला, "दुसरी कुठे आहे?"

मी म्हटलं, "ते उघडायचं नाई."

"काहून?"

"ते कधी उघडलंच नाई कोनी. मी ऐकलं ना."

"आन दे इकडे."

दिलं. त्याने झाकण फिरवलं, आत पाहिलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. मीही पाहिलं. त्याने यंत्र बाहेर काढलं, चिमटा लावला आणि डायल नुसती हातात आली, जशी भिंतीवरची जुनी पत्रिका यावी. मी खिशातून मोबाइल काढला आणि रामरावांचा नंबर शोधायला लागलो. तोंडात शब्द तयार होते. माझ्या तोंडात ते नेहमीच तयार असतात.

नबीने माझ्या हातावर हात ठेवला. त्याच्या बोटांना घड्याळाच्या तेलाचा तोच वास आहे.

"कोनाले लावून राहिला?"

"रामरावले."

"काय म्हनशीन त्याले? मले म्हनला तेच?"

मी नंबरावरून अंगठा बाजूला घेतला.

"त्याले माईत नसन, खुशाल. भावानं कधीकाळी करून आनली असन. मानूस गेला, घडी रायली. पेढे घेऊन गेला होतास ना त्याच्या घरी?"

मोबाइल खिशात ठेवला. रामरावांना मी फोन केलेला नाही आणि करणार नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या पंपाची सर्व्हिस आहे, ती करून देईन.

निघताना मी नबीला म्हटलं, ती पिवळी काच माझ्या जुन्या घड्याळावर परत बसव. मला ते तसंच आवडायचं. तो म्हणाला, "तिच्यावर नाई बसवत. ते साफ आहे. हे काच मी तुया नव्या घडीले बसवतो. झाकाची गरज तिले आहे." आणि तो हसला. सात वर्षांत पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला. माझ्या कानांबद्दल मी आजवर खूप बोललो आहे, पण त्यांचं सगळ्यात चांगलं काम काल झालं.

इथपर्यंत लिहून मी पत्र प्रतीक्षाला वाचायला दिलं. ती म्हणाली, "बाबा, एक राहिलं."

मला वाटलं होतं की तुझ्या लक्षात राहणार नाही, नबी. पायरीपर्यंत सोडायला आलास तेव्हा म्हणाला होतास, "तेबी लिही. पह्यल्या पत्रात सोळा आने लिहिलं ना तू? कागदावरचं मागं घेता येत नाई, पन त्याच्याखाली लिहिता येते."

लिहितो.

बार्शीटाकळीहून आणलेल्या घड्याळाची डायल रंगवलेली आहे, दोन्ही पाय मोडलेले आहेत, आणि ती डिंकाने चिकटवलेली होती.

खुशाल